तुलूमचा पाढा

तीन. मोजून तीन माणसं. १९७० च्या जानेवारीत मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कान्कून बेटाची ही संपूर्ण लोकसंख्या. तिघेही माडांची राखण करणारे. बागेचा मालक शेजारच्या बेटावर राहायचा. समोरच्या पुएर्तो हुआरेझ नावाच्या वस्तीत आणखी ११७. झाले १२०. सकाळी साडेआठच्या लोकलच्या एका डब्यात याच्या तिप्पट माणसं उभी असतात, आणि तरी ठाण्याला आणखी चढतात.

त्याच महिन्यात तिथे पर्यटननगरीचं काम सुरू झालं. योजना कुणाची? मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेची! म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेने उठून देवबागला हॉटेलं बांधायला काढावीत, तसा प्रकार. पन्नास वर्षांनी, २०२० च्या जनगणनेत कान्कूनची लोकसंख्या भरली ८,८८,७९७. करा भागाकार: ७,४०० पट. १२० माणसं एका डब्यात मावली होती. आता बारा डब्यांच्या, गर्दीने फुगलेल्या दोनशे लोकल लागतील. हॉटेलांची पट्टी चर्चगेट ते अंधेरी एवढी लांब. चर्चगेटहून निघा, मरीन लाइन्स, दादर, वांद्रे करत जा, अंधेरी येईपर्यंत हॉटेलांमागून हॉटेलं. २०२३ साली तिथल्या विमानतळावरून सव्वातीन कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. गावातल्या प्रत्येक माणसामागे ३६ प्रवासी, तान्ही बाळं धरून!

पण कान्कून ही नुसती नांदी. आपल्याला जायचंय तुलूमला.

रस्ता सोपा आहे. समुद्र डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे १३० किलोमीटर. मुंबई-पुण्याहून थोडं कमीच. कान्कूनला मुंबई धरलं तर तुलूम देहूरोडच्या पुढेमागे येतं. वाटेत, जिथे आपल्याकडे खोपोली येते, त्या अंतरावर प्लाया देल कार्मेन लागतं. इथे क्षणभर उतरू या, कारण इथला आकडा पाहून माझी पेन्सिल खाली पडली होती. १९९० साली या गावात ३,०९८ माणसं होती. २०२० साली ३,०४,९४२. तीस वर्षांत ९८ पट! आपल्या मालवणला हा पाढा लावून बघा. २०११ च्या जनगणनेत मालवणची वस्ती १८,६४८. गुणिले ९८. उत्तर सव्वाअठरा लाखांच्या वर. म्हणजे त्याच जनगणनेतलं अख्खं ठाणे शहर. तीस वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीने गेलेल्या माणसाने परत यावं आणि धक्क्यावर उतरताच घोडबंदर रोड दिसावा.

आता तुलूम. माया भाषेत तुलूम म्हणजे तटबंदी. कड्यावर मायांचं जुनं तटबंदीचं नगर, खाली निळंशार पाणी. जगभरच्या भिंतींवरच्या दिनदर्शिकांत हेच चित्र असतं. १९९० मध्ये इथल्या गावात २,१११ लोक. २०२० मध्ये ३३,३७४, म्हणजे जवळपास सोळापट. प्लायाच्या ९८ पटीनंतर सोळा म्हणजे किरकोळ वाटेल. तर हाच पाढा पुढे म्हणू या. दर तीस वर्षांनी सोळापट. २०५० मध्ये सव्वापाच लाख. २०८० मध्ये ८५ लाख. २११० मध्ये साडेतेरा कोटी, आणि अख्ख्या मेक्सिकोची २०२० ची लोकसंख्या होती १२ कोटी ६० लाख! असं होणार नाही, हे कुणीही सांगेल. पण तिथले जमिनीचे दलाल जाहिराती लिहिताना हाच पाढा म्हणत असावेत, अशी मला दाट शंका आहे.

या अलिबागहून मोठ्या गावाला काय काय मिळालं बघा. १ डिसेंबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय विमानतळ. धावपट्टी ३,७०० मीटर. आकडा ओळखीचा वाटला ना? नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची धावपट्टीही नेमकी ३,७०० मीटरचीच. आपली धावपट्टी सव्वादोन कोटींच्या महानगर प्रदेशासाठी, त्यांची तेहतीस हजारांच्या गावासाठी. काम जून २०२२ मध्ये सुरू, दीड वर्षात विमानं उतरली. लष्कराने बांधला. उलव्याच्या टेकड्या सपाट होताना ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांनी इथे दीर्घ श्वास घ्यावा.

विमानतळाच्या जोडीला रेल्वे. तिचं नाव ‘त्रेन माया’, लांबी १,५५४ किलोमीटर. आपली कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर. ती एकापुढे एक दोनदा अंथरली तरी ७२ किलोमीटर रूळ हातात उरतात, आणि तेवढ्यात सीएसएमटीहून निघालेली गाडी बदलापूर ओलांडते. कोकण रेल्वेला आठ वर्षं लागली. हिचं काम जून २०२० मध्ये सुरू होऊन डिसेंबर २०२४ मध्ये संपलं, म्हणजे रोज सुमारे एक किलोमीटर. तिथे घाट आणि बोगदे नव्हते हे खरं, पण जंगल होतं. खर्च? ५० हजार कोटी पेसोंच्या वर. पेसो साडेचार-पावणेपाच रुपयांचा धरा. आता एक मीटर रूळ मोजू: पंधरा लाख रुपये. एक सेंटिमीटर: पंधरा हजार रुपये! शाळेतली पट्टी त्या रुळावर ठेवली तर पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार लाख.

विमानतळ आला, रेल्वे आली, की मागोमाग कोण येतं हे पनवेलकरांना सांगायला नको. जंगल कापून आखलेले प्लॉट, त्यावर चार मजली इमारती, गच्चीवर पोहण्याचा तलाव, आणि रस्त्यारस्त्यावर एकच शब्द: ‘प्रेव्हेंता’. म्हणजे बांधकामाआधीचं बुकिंग. भिंत उभी राहण्याआधी फ्लॅट विकायचा, ही कला आपल्याला परकी नाही. किमती मात्र डॉलरमध्ये, कारण गिऱ्हाईक उत्तरेचं.

इथे एक गंमत आहे. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेनुसार समुद्रापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. पन्नास किलोमीटर म्हणजे सीएसएमटीच्या पायरीवर लाट आपटते असं समजा, तर जवळजवळ कल्याणपर्यंत. मग हे अमेरिकन आणि कॅनडियन घेतात काय? बँकेकडे विश्वस्त म्हणून मालकी ठेवतात, करार ५० वर्षांचा, पुढे वाढवता येणारा. कागद बँकेच्या नावावर, हॅमॉक यांच्या नावावर. आणि त्याखालची बरीच जमीन मुळात ‘एहिदो’ची, म्हणजे क्रांतीनंतर गावकऱ्यांना सामायिक मिळालेली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ती विकायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून कुणाचा कागद खरा यावर तिथे जे चाललंय, ते सातबारा पाहिलेल्या माणसाला उलगडून सांगायला नको.

एक छोटा हिशेब तेवढा करू. समजा, फ्लॅट दोन लाख डॉलरचा; पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. तो बांधणाऱ्या मजुराची २०२५ सालची कायदेशीर किमान मजुरी दिवसाला २७८ पेसो ८० सेंतावो. सकाळचा चहासुद्धा न पिता सगळी मजुरी साठवली, तर दिवस लागतील १३ हजार ६०० च्या वर. सदतीस वर्षं. रविवार धरून.

आता पायाखाली बघा. जपून!

या सगळ्या भागात नदी नाही. ओढा नाही. नालासुद्धा नाही. जमीन चुनखडीची, पाऊस पडला की सरळ आत. पाणी सगळं खाली, गुहांमध्ये, आणि जिथे गुहेचं छत कोसळलंय तिथे गोल निळी विहीर: ‘सेनोते’. अशा विहिरी या द्वीपकल्पात हजारोंनी आहेत. तुलूमजवळच्या एका गुहासमूहातला ‘द पिट’ नावाचा खड्डा ११९ मीटर खोल. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर पाहिलीय? काठावरून डोकावताना पोटात गोळा येतो ती? खोली ११० फूट. अशा साडेतीन विहिरी एकाखाली एक जोडा, तेव्हा ‘द पिट’चा तळ लागेल. नाहीतर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभाच्या उभा आत सोडा. घड्याळ बुडेल, कळस बुडेल, आणि कळसावर आणखी चौतीस मीटर पाणी!

ही झाली खोली. लांबी ऐका. २०१८ च्या जानेवारीत पाणबुड्यांनी जाहीर केलं की साक आक्तून आणि दोस ओहोस हे दोन गुहासमूह आतून एकच आहेत; एकूण लांबी ३४७ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला रेल्वेने जा. स्टेशनवर चहा घ्या. परत फिरा. लोणावळा, कर्जत, कल्याण मागे टाका. कळवा आलं की ३४७ झाले. आता हाच प्रवास पाण्याखाली, अंधारात, पाठीवर हवेचा सिलिंडर, हातात बॅटरी आणि परतीची खूण म्हणून ताणलेली एक दोरी. शेजारचा ओश बेल हा नावाचा समूह तर आता पाचशे किलोमीटरच्या घरात गेलाय. मुंबईहून निघून चिपळूण, रत्नागिरी सगळं मागे टाकत सावंतवाडी! तेवढी पोकळी. तुलूमच्या खाली आणि अवतीभवती. आणि तिच्यावर फ्लॅट, गच्चीवरचे तलाव, आणि पंधरा लाख रुपये मीटरची रेल्वे. या भागात रूळ उचलून धरायला पोलादाचे आणि काँक्रीटचे खांब ठोकावे लागले, पंधरा हजारांच्या वर. त्यांतले काही थेट गुहांचं छत फोडून पाण्यात उतरले. सांडपाणी मुरतं ते त्याच पाण्यात, आणि नळाला येतं तेही त्याच पाण्यातलं.

खालून पाणी, तसं वरूनही. २००५ साल आठवा. २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. जो त्या दिवशी घराबाहेर होता, त्याच्याकडे आजही सांगायला एक गोष्ट आहे. त्याच वर्षी, तीनच महिन्यांनी, विल्मा चक्रीवादळ कान्कूनवर येऊन बसलं. समोरच्या इस्ला मुहेरेस बेटावर चोवीस तासांत पडलेला पाऊस: १,६३४ मिलिमीटर! आपली २६ जुलै घ्या, तिच्यावर पुण्याचा अख्ख्या वर्षाचा पाऊस ओता, तेव्हा कुठे बरोबरी होत येते. एका गुंठ्यावर दहा हजार लिटरचे सोळा टँकर.

वादळ गेलं आणि जाताना वाळू घेऊन गेलं. समुद्रकिनारा आहे आणि वाळू नाही, म्हणजे धंदाच नाही. मग २००६ मध्ये समुद्राच्या तळातून उपसून वाळू भरली: २७ लाख घनमीटर. आपल्या भाषेत बोला, ब्रासमध्ये! साडेनऊ लाख ब्रास. चार ब्रासचा डंपर धरला तर २ लाख ३८ हजार खेपा. ते डंपर नाकाला शेपूट लावून उभे केले तर रांग १,९०० किलोमीटर. पहिला डंपर कोलकात्याच्या वेशीवर, शेवटचा मुंबईत हॉर्न वाजवतोय. इतकी वाळू. आणि लाटांनी त्यातली बरीचशी परत नेली, म्हणून २००९-१० मध्ये पुन्हा भरली.

वाळू टिकली तरी तिच्यावर काय येऊन पडतं? सारगॅसम. तपकिरी, तरंगणारं, किनाऱ्यावर आलं की कुजणारं समुद्री शेवाळ. सडक्या अंड्यांचा वास. २०१८ साली अटलांटिकवर त्याचा सलग पट्टा उपग्रहांनी मोजला: ८,८५० किलोमीटर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत. मुंबई-पुणे रेल्वेमार्ग ४६ वेळा! तेव्हाचं वजन दोन कोटी टनांच्या वर, आणि सगळे म्हणाले, बाप रे. मग आला मे २०२५. वजन पावणेचार कोटी टन. एकोणसाठ वाघिणींची भरलेली मालगाडी पावणेचार हजार टन ओढते असं धरा. लागल्या दहा हजार मालगाड्या! एकामागे एक जोडल्या तर साडेसहा हजार किलोमीटर. दिब्रुगडहून कन्याकुमारी गाठून, वळून, पुन्हा अर्धा देश. कल्याणच्या पुलावर उभे राहा. दर दहा मिनिटांनी शेवाळाने भरलेली एक मालगाडी खालून जाऊ द्या. रात्रंदिवस, न थांबता. शेवटची गाडी जाईपर्यंत ६९ दिवस लागतील, आणि नाकाला रुमाल लावलेला तुमचा हात केव्हाच गळून पडलेला असेल.

यातलं तुलूमच्या वाट्याला येतं ते कणभर. तो कणभरच फावड्यांनी ओढताना हॉटेलवाल्यांची कंबर मोडते.

कोटी, लाख, हजार करत आपण इथवर आलो. शेवटचा आकडा अगदी लहान आहे. मेक्सिकोच्या कायद्याने किनारा सगळ्यांचा. भरतीच्या रेषेपासून आत २० मीटरची पट्टी सरकारी, ती कुणालाही विकता येत नाही, आणि किनाऱ्याची वाट अडवणाऱ्याला लाखो पेसोंचा दंड आहे. वीस मीटर म्हणजे लोकलचा एक डबा, जेवढ्यात १९७० सालचं सगळं कान्कून मावत होतं. आणि २०२५ साली तुलूमचे गावकरी तक्रार करत होते, की त्या डब्याएवढ्या वाळूपर्यंत चालत जायचं तर आता फाटकावर पैसे मोजावे लागतात.