पानाचा ताप आणि यंत्राचा डोळा



लोणावळ्याहून तळेगावकडे येताना आणि पवनेच्या खोऱ्यात जी प्लास्टिकची पांढरी छपरे दिसतात, त्यांखाली मावळचा गुलाब पिकतो. डिसेंबरच्या मध्यास फांद्या खुडायच्या आणि १४ फेब्रुवारीच्या परदेशी बाजारासाठी जानेवारीच्या अखेरीपासून फूल काढायचे, असा इथला हिशेब. त्या दीड महिन्यात केवडा किंवा लाल कोळी शिरला, की हंगाम हातचा गेलाच म्हणून समजा. डाग डोळ्यांना दिसण्याआधी झाडाचे दुखणे कळेल काय?

काही अंशी कळते. ओले फडके कपाळावर ठेवले की गार का वाटते? पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. पानही असेच गार राहते. त्याच्या बारीक छिद्रांतून सारखी वाफ जात असते. पाणी कमी पडले किंवा मुळे कुजली, की पान ही छिद्रे मिटून घेते आणि त्याला जणू ताप चढतो. पान अजून हिरवेगार असते, पण उष्णता टिपणारा कॅमेरा हा ताप ओळखतो. दुसऱ्या जातीचा कॅमेरा तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश पाहतो. निरोगी पान तो भरपूर परतवते, आजारी पानात हे प्रमाण बदलते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. गुरुजींनी वर्गात टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाखवावे. पुष्कळ मोबाइलांत तिथे दिवा लागलेला दिसतो. मुले चकित होतात!

आता कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे आली? रोज हजारो पानांची चित्रे कोण न्याहाळणार? ते काम संगणकाला शिकवतात. हे रोगी, हे निरोगी, असे सांगत त्याला चित्रे दाखवायची. पुढे तो आपण होऊन निवड करतो.

पण इथेच सावध राहावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात संगणकाला १४ पिकांच्या ५४,३०६ चित्रांवर तयार केले होते. त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेली चित्रे त्याने शंभरात नव्याण्णव बरोबर ओळखली. निराळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे पुढे ठेवली, तेव्हा मात्र शंभरात एकतीसच बरोबर आली. शिकवणीची पाने साध्या पार्श्वभूमीवर एकेकटी मांडलेली होती. आपल्या पॉलिहाऊसात पानावर पान असते, औषधाचे पांढरे डाग असतात, आणि पावसाळ्यात लोणावळ्याकडचे धुके व ओल.

तेव्हा कोणी असे यंत्र विकायला आला, तर विचारा: याला मावळातली पाने दाखवली होती का? आणि कोणी ओळखून दिली? आमच्या मते त्या कामाला पहिला मान फुले तोडणाऱ्या बायांचा. कोळी पानाच्या खालच्या अंगाला बसतो. वर टांगलेल्या कॅमेऱ्याला तो सुरुवातीला दिसत नाही, पान उलटून पाहणाऱ्या बाईला दिसतो.

शिवाय, ताप आहे एवढेच यंत्र सांगते. ठिबकची नळी तुंबली की मुळांना रोग लागला, हे तिथे जाऊनच पाहावे लागते. नुसत्या तापावरून फवारणी करू नये. तुलनेसाठी एक पान मुद्दाम ओले करून त्याचेही तापमान घ्यावे, कारण ढग आला किंवा पडदे ओढले की सगळ्याच पानांचे आकडे बदलतात.