कोरड्या अरण्यातील आमरी : वाशीम जिल्ह्याच्या अनुषंगाने

आमरी, म्हणजेच ज्यांना आपण सामान्यतः ऑर्किड म्हणतो त्या वनस्पती, ओल्या व दाट अरण्यांतच वाढतात असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज सर्वस्वी निराधार नाही. महाबळेश्वर, आंबोली, राधानगरी येथील अरण्यांत जितक्या जाती आढळतात तितक्या वऱ्हाडच्या पठारावर आढळत नाहीत. परंतु जेथे जाती थोड्या आहेत तेथेच त्या कशा तगून राहतात हा प्रश्न अधिक उद्‌बोधक ठरतो. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्याच्या परिस्थितीच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

आमरींचे कुल सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून जगात त्याच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतात सुमारे साडेबाराशे व महाराष्ट्रात शंभरावर जातींची नोंद झालेली आहे. आश्रयस्थानावरून त्यांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात : झाडांवर किंवा खडकांवर वाढणाऱ्या आणि जमिनीत वाढणाऱ्या.

वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. बेसाल्ट खडकाचे पठार, काळी माती आणि पानगळीची कोरडी अरण्ये ही त्याची प्रमुख लक्षणे होत. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि उन्हाळ्यात साग निष्पर्ण होऊन फांद्यांवर प्रखर ऊन पडते. अशा ठिकाणी वनस्पतीस वर्षातील सात-आठ महिने पाण्यावाचून काढावे लागतात. झाडावरील आमरीला तर मातीचाही आधार नसतो.

विदर्भातील कोरड्या अरण्यांत हे संकट पेलणारी प्रमुख आमरी म्हणजे व्हँडा टेसेलाटा होय. देशाच्या अनेक भागांत ती रास्ना या नावाने औषधात वापरली जाते. आंबा, मोह यांसारख्या जुन्या वृक्षांवर ती वाढते. तिची पाने पट्ट्यासारखी, जाड व दोन रांगांत मांडलेली असतात. फुले पिवळट हिरवी, तपकिरी चौकटींची व सुगंधी असून त्यांचा ओष्ठ जांभळट असतो. तिच्या मुळांभोवती मृत, पोकळ पेशींचे जाड आवरण असते. पावसाचे वा दवाचे पाणी ते टीपकागदाप्रमाणे शोषून घेते. कोरडे असताना मूळ पांढरे दिसते. भिजताच आतील हरितद्रव्य दिसू लागून ते हिरवे होते. शिवाय व्हँडासारख्या जाड पानांच्या अनेक आमरी आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कर्बवायू साठवितात. त्यामुळे पाण्याचा व्यय पुष्कळच कमी होतो.

जमिनीतील आमरींची रीत निराळी आहे. हॅबेनारिया व यूलोफिया या प्रजातींतील वनस्पती उन्हाळा कंदरूपाने जमिनीखाली काढतात. पावसाबरोबर त्यांना कोंब फुटतात, अल्पकाळात फुले व फळे येतात आणि पुढे वरचा भाग सुकून जातो. एक जात कोरड्या ऋतूस तोंड देते, तर दुसरी त्यास चुकविते.

मात्र आमरीचे बी या दोहोंहून अधिक नाजूक असते. एका बोंडात धुळीसारखी असंख्य बीजे असतात, पण त्यांत अन्नाचा साठा नसतो. रुजण्यासाठी विशिष्ट कवकाची संगत लागते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिले. साल खडबडीत व स्थिर असेल आणि तेथे हे कवक असेल तरच झाडावर रोप धरते. सालईसारख्या वृक्षाची साल पापुद्र्यांनी सुटत असल्याने तेथे आधार टिकत नाही. म्हणून बांधावरील किंवा नदीकाठचा एक जुना आंबा तोडला गेला, तर त्याच्या जागी लावलेले रोप कित्येक वर्षे आमरीच्या उपयोगी पडत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. झाडावर वाढते ते सारे बांडगूळ, असे मानून पुष्कळदा आमरीही खरवडून टाकली जाते. व्हँडा हे शास्त्रीय नावच मुळी संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून आले आहे आणि त्या शब्दाला कोशांत ‘वृक्षादनी’, म्हणजे वृक्ष खाणारी, आणि ‘वृक्षरुहा’, म्हणजे वृक्षावर उगवणारी, असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत. बांडगूळ वृक्षादनी आहे : त्याची मुळे फांदीत शिरून रस शोषतात आणि सांध्यापाशी गाठ येते. आमरी केवळ वृक्षरुहा आहे. तिची मुळे सालीवरच राहतात व झाडाच्या अन्नाला हात लावीत नाहीत. हा भेद शेतकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी पाहता येण्याजोगा आहे.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. वऱ्हाड त्या इलाख्यात नसल्याने तो त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. परंतु पश्चिम महाराष्ट्राला लाभलेला तो जुना आधार वऱ्हाडच्या अभ्यासकाला मिळत नाही. म्हणून काटेपूर्णेचे अरण्य, कारंजा-सोहोळचे गवताळ रान, मानोरा व मालेगाव तालुक्यांतील टेकड्या आणि गावोगावचे जुने वृक्ष यांची ऋतूनुसार पाहणी होणे अवश्य आहे. जमिनीवरील आमरींसाठी पावसाळ्यातच फिरावयास हवे. झाडावरील आमरी मात्र पानगळीनंतर, फांद्या उघड्या पडल्यावर, अधिक सहज दिसतात. वनस्पती न उपटता स्थळ, आश्रयवृक्ष, फुलण्याचा काळ व छायाचित्र एवढी नोंद केली तरी पुरेसे होईल. जातींची संख्या थोडी निघाली तरी तिचे मोल कमी होत नाही. कारण थोड्या असलेल्या जातीच प्रथम नाहीशा होतात.