मातींतील औषधी जंतु

वैशाख सरतां सरतां भाईंदरच्या खाडीकडून पहिली सर आली म्हणजे तापलेल्या जमिनींतून जो वास उठतो, तो मातीचा असें आपण समजतों. वस्तुतः तो बव्हंशीं स्ट्रेप्टोमायसीस नांवाच्या सूक्ष्म जंतूंनीं केलेल्या एका द्रव्याचा असतो. ‘जंतु’ हा शब्द ऐकतांच फिनेलची बाटली शोधणाऱ्या गृहिणींस हें खरें वाटणार नाहीं! मातींत अन्नासाठीं अखंड झोंबी चाललेली असते. तींत शेजारच्या जंतूंस मारक अशीं द्रव्येंही हेच जंतु निर्माण करितात.

त्यांतूनच १९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स येथें अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें स्ट्रेप्टोमायसिन मिळविलें. क्षयाच्या ज्या जंतूंपुढें पेनिसिलिनचें कांहीं चालत नव्हतें, त्यांच्या पेशींत प्रथिनें घडविण्याचें जें काम चालतें, तेंच हें औषध बिघडवितें. १९५२ चें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या गुरूस, सेल्मन वाक्समन यांस, मिळालें. शिष्याचा असा विसर पडावा, हें आम्हांस तरी रुचत नाहीं.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथें डॉ. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं याच कुळांतील एका जंतूपासून हॅमायसिन काढलें. त्या जंतूस गांवावरून ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असें नांव पडलें. हें औषध बुरशीपासून होणाऱ्या रोगांवरचें. बुरशीच्या पेशीचें आवरण तें सच्छिद्र करून टाकतें.

परंतु रोगजंतुही स्वस्थ बसत नाहींत. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील परीक्षणांत स्ट्रेप्टोमायसिन दिलेले क्षयरोगी आरंभीं झपाट्यानें सुधारले. पुढें कित्येकांच्या थुंकींतील जंतु त्या औषधास दाद देईनासे झाले. लाखों जंतूंत एखादा उपजतच चिवट असतो. इतर मेले कीं त्याचीच प्रजा वाढते. एका औषधांतून सुटलेला दुसऱ्यानें मरावा, म्हणून क्षयावर आतां तीनचार औषधें एकत्र, साधारणतः सहा महिने, देतात. घरांत अडचण येते ती येथेंच. दुसऱ्या महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढूं लागतें, आणि वडील मंडळी म्हणतात, “आतां पुरे झालीं तीं उष्ण औषधें!” त्या वेळीं फुप्फुसांत थोडे जंतु जिवंतच असतात.