स्वस्त घराचा खरा हिशेब

भिवंडीच्या नारपोलीत राहणे सोयीचे की गैरसोयीचे? यंत्रमाग कामगाराला विचारले तर तो म्हणेल, कामाच्या दारात घर आहे. बारा तासांची पाळी सुटली की भिशीत जेवून तो दहा मिनिटांत खोलीवर पाठ टेकतो. ठाण्या-मुंबईच्या कचेरीत जाणाऱ्याला विचारले तर तो म्हणेल, गाव लांब आहे, पण भाडे परवडते. एकाने कामाजवळ राहण्यासाठी कोंदट खोली पत्करली, दुसऱ्याने स्वस्त खोलीसाठी रोजची दगदग पत्करली. गल्ली मात्र एकच.

आपल्या वस्तीतली तरुण जोडपी घर पाहायला निघाली की आम्हाला सल्ला विचारतात. आम्ही त्यांना एक कोरा कागद घ्यायला सांगतो आणि त्यावर चार रकाने पाडायला लावतो.

पहिला रकाना भाड्याचा किंवा हप्त्याचा. दुसरा प्रवासखर्चाचा. उदाहरणादाखल समजा, लांबच्या घराचे भाडे तीन हजारांनी कमी आहे. जाण्यायेण्याला माणशी रोज 60 रुपये जादा लागतात. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,500 होतात. नवरा-बायको दोघेही नोकरीला असतील तर 3,000. म्हणजे वाचले काय? शून्य!

तिसरा रकाना वेळेचा. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे. गाड्या थोड्या, आणि मुंबईला जायचे तर कोपर किंवा दिव्याला गाडी बदलावी लागते. नाहीतर अंजूरफाट्यावरून रस्त्याने ठाणे, आणि वाटेत ट्रकांची रांग. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन 2018 मध्ये झाले. पण पुढे येणाऱ्या सोयीच्या भरवशावर आजचा हप्ता ठरवू नये. रोज दोन तास जादा गेले तर वर्षाला 600 तास होतात. म्हणजे पुरते 25 दिवस आणि 25 रात्री! हा वेळ कोणाचा जातो? बहुतेक घरांत बाईचा. पाणी भरायला तीच पहाटे उठते आणि रात्री येऊन स्वयंपाकही तीच करते. मुलाचा अभ्यास घ्यायला मग कोण उरते?

गिरणगावात चाळी गिरण्यांच्या आसपासच उभ्या राहिल्या. खोली दहा बाय बाराची, पण भोंगा ऐकून पायी निघता येत असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि अनेक कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. खोली मोठी झाली, पण बाप मुलांना रविवारीच दिसू लागला.

तर मग सरळ कामाजवळच राहावे काय? येथे चौथा रकाना भरावा लागतो, जिवाच्या सुरक्षेचा. नारपोलीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे, माणसे झोपेत असताना कोसळली. तीसहून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुलेही होती. पुढे 29 एप्रिल 2023 रोजी वळपाड्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडली. तेथे आठ माणसे दगावली. कामाच्या डोक्यावरच राहणाऱ्यांची ही गत.

म्हणून अनामत रक्कम मोजण्यापूर्वी विचारावे: बांधकामाची परवानगी आहे काय? भोगवटा प्रमाणपत्र मिळाले काय? इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास तिची संरचनात्मक तपासणी झाली काय? महापालिकेने धोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव घातले आहे काय? काल्हेर, काशेली ही गावे पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तेथे एमएमआरडीएची परवानगी पाहावी. नवी सदनिका विकत घ्यायची असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. कागद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याचे घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

आमचे मत विचाराल तर, चौथ्या रकान्यात तडजोड नाही. तो नीट भरला की मग उरलेल्या तिघांची बेरीज करावी. थोडे जादा भाडे देऊन दोन तास हाती येत असतील, तर ती उधळपट्टी नव्हे. मात्र एका माणसाची नोकरी लांब आणि बाकीच्यांची शाळा, काम, नातीगोती सगळी येथेच असतील, तर त्या एकासाठी घर हलवू नये. हा निर्णय घरच्या कर्त्या पुरुषाने एकट्याने घ्यायचा नाही. रविवारी सगळ्यांनी मिळून कागद समोर घ्यावा आणि वेळेचा रकाना घरातल्या बाईच्या हाताने भरावा.