दोन कंठ, एक गिटार

२२ जानेवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉलमध्ये पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या पंचविशीतल्या जोडीची मैफल झाली. तिचे ध्वनिमुद्रण २००२ साली प्रकाशित झाले. त्यात केवळ दोन कंठ आणि सायमनची गिटार आहे. अन्य वाद्यमेळ नाही.

सायमनचे ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गीत १९६४ च्या ध्वनिमुद्रिकेत असेच साधे होते. ती फारशी खपली नाही. १९६५ मध्ये निर्माते टॉम विल्सन यांनी त्यावर इलेक्ट्रिक गिटार व ड्रम्स चढविले आणि जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत अग्रक्रमावर पोहोचले. या मैफलीत मात्र ते पुन्हा मूळ रूपात आहे. गलबला नसल्याने त्यातला हळुवार शब्दही निसटत नाही.

माझ्याकडून मात्र एक शब्द निसटला होता. इंदूरच्या माझ्या दवाखान्यात, ऐन गर्दीच्या वेळी, एक आई हळूच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हाक मारली तरी हा वळत नाही हो.” मी म्हणालो, “काही मुले उशिराच बोलतात.” वर्षभराने निदान झाले : बाळाला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हते. भाषा शिकण्याचे मोलाचे महिने माझ्या घाईत गेले.

आता प्रत्येक नवजात अर्भकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच व्हावी, असा माझा आग्रह असतो. आणि आईचे बोलणे संपेपर्यंत मी लेखणी उचलत नाही.