चूकभूल द्यावी घ्यावी

पेठेतील कोणत्याही जुन्या दुकानाचे बिल हाती घ्यावे. वर मंगलचिन्ह, मध्ये मालाचा तपशील आणि अगदी तळाशी, सहीच्या जागेजवळ, बारीक टायपात ‘चू. भू. द्या. घ्या.’ अशी चार तुटक अक्षरे आढळतात. गिऱ्हाईक ती वाचत नाही. छापखान्यात नवे बिलबुक टाकताना मालकही ती वाचत नाही. जुन्या बिलावरून ती नव्यावर आपोआप उतरत जातात. हिंदी मुलखातील बिलांवर त्याच जागी ‘भूल चूक लेनी देनी’ असे असते.

इंग्रजी बिलांवर याच ठिकाणी ‘ई. अँड ओ. ई.’ असते. चुका व गळती वगळून, असा त्याचा अर्थ. त्यात बिल देणाऱ्याने स्वतःपुरती वाट राखून ठेवलेली आहे. आपल्या बोलीत मात्र ‘द्यावी’ही आहे आणि ‘घ्यावी’ही आहे. जास्त घेतले असेल तर परत करू, कमी घेतले असेल तर मागून घेऊ, असा तो दुहेरी करार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याचे ७२ वे कलम हेच सांगते: चुकीने मिळालेली रक्कम ज्याला मिळाली त्याने ती परत केली पाहिजे. कलमाचा आणि वर्षाचा आकडा असा जुळून आल्यामुळे ते लक्षात ठेवणेही सोपे आहे.

गिऱ्हाइकाशी हा करार पेठ इमानाने पाळते. दहा रुपये जास्त घेतले गेले म्हणून मागून मुलाला धावत पाठविणारे दुकानदार आजही आहेत. गल्ल्याजवळ उभे राहणाऱ्यांशी आणि घरात पानावर वाढणाऱ्यांशी तो कितपत पाळला जातो, हे मात्र निराळे.

स्वतःच्या चुका उघडपणे मांडण्याची रीत व्यापारी समाजाला परकी नाही. आग्र्याचे जैन व्यापारी व कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून, ५५ व्या वर्षी सांगितलेली ती अर्धी कथा. त्यात नफ्याच्या गोष्टी थोड्या आणि फसलेल्या व्यापाराच्या फार. आग्र्यात हात पूर्ण रिकामे झाले तेव्हा त्यांनी कचोरीवाल्याला आपली स्थिती स्पष्ट सांगितली. तरीही त्याने उधारीवर खाऊ घालणे थांबविले नाही, हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे. बुडालेल्या मालाइतकीच ही कचोरीची उधारी त्यांना लिहिण्याजोगी वाटली, हे विशेष.

आजच्या घरात चूक सांगण्यापेक्षा लपविणे सोपे पडते. एका कुटुंबातील सुनेने भिशीचे सहा हजार रुपये मोबाइलवरून पाठविले. यादीत एकाच नावाच्या दोन व्यक्ती होत्या, आणि रक्कम मैत्रिणीऐवजी जुन्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खात्यात गेली. चूक तिच्या लगेच लक्षात आली. पण सासूबाई काय म्हणतील या धास्तीने तिने चार दिवस तोंड उघडले नाही. आपल्याच हाताने, आपलाच पिन टाकून पाठविलेली रक्कम बँक परस्पर ओढून आणू शकत नाही. ज्याला मिळाली त्याची संमती लागते. म्हणूनच जितक्या लवकर कळवावे तितके बरे, आणि चार दिवस म्हणजे पुष्कळ झाले. पाचव्या दिवशी भिशीवाल्या मैत्रिणीचाच फोन आला आणि सारे उघडे पडले.

सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतः शिवणवाल्या बाईंना फोन लावला. त्या बिचाऱ्या पैसे बाजूला ठेवून कोणी विचारते का याची वाट पाहत होत्या. पाव तासात रक्कम परत आली. मग चहा घेताना सासूबाईंनी सुनेला एक जुनी हकीकत सांगितली. घरातील चांदीची वाटी एकदा नाहीशी झाली होती. भांडी घासणाऱ्या बाईवर संशय गेला, तिला कामावरून काढले गेले. पुढे दिवाळीच्या साफसफाईत ती वाटी लोणच्याच्या बरणीमागे सापडली. त्यांनी ती पुसून देवघरात ठेवली आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्या बाईलाही नाही. ती आता कोठे राहते, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

वाटी काय किंवा रोकड काय, कमी पडली की पहिली नजर सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे वळते. मार्केट यार्डातील एका घाऊक किराणा पेढीवर हेच घडले. रात्री साडेआठची वेळ. रोजमेळ मांडला तेव्हा वहीपेक्षा गल्ल्यात ५४० रुपये कमी निघाले. शेठांनी पुन्हा मोजले, तितकेच. दुपारी ते जेवावयास गेले असता गल्ल्याजवळ एकोणीस वर्षांचा एक मुलगा उभा होता, कामावर लागून त्याला जेमतेम तीन महिने झालेले. शेठ त्याला चोर म्हणाले नाहीत. “दुपारी गल्ल्यावर तूच होतास ना?” एवढेच विचारले. मुलाने काही उत्तर न देता शर्टाचा खिसा उलटा केला, मग पँटचे दोन्ही खिसे. एक रुमाल, बसचा पास आणि वीस रुपयांची नोट, इतकेच निघाले. हमाल पोती लावायचे थांबले.

पेढीचे वृद्ध मुनीमजी तोपर्यंत कागदावर भागाकार करीत होते. हिशेबाचा फरक शोधण्याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत. तेवढ्याच रकमेची एखादी नोंद राहून गेली आहे का, हे प्रथम पाहावे. मग फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का, ते पाहावे. आणि फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर आकड्यांची उलटापालट शोधावी. कारण साधे आहे: दशकाचा आकडा एककात गेला की त्याची किंमत दहाची एक होते, म्हणजे प्रत्येकी नऊचा फरक पडतो. शतक व दशक उलटले, तर तोच फरक नव्वदीच्या पटीत येतो. ५४० म्हणजे ९० गुणिले ६. तेव्हा शेजारशेजारच्या दोन आकड्यांत सहाचे अंतर असलेली नोंद शोधायची. ९ आणि ३, ८ आणि २, किंवा ७ आणि १. (संगणकावर हिशेब आले तरी बोटे तीच आहेत, त्यामुळे हा नवाचा नियम अजून निवृत्त झालेला नाही.)

बिलबुकाची पाने उलटली. सकाळच्या एका रोख बिलाची रक्कम १,३९० होती. कीर्दीत ती १,९३० पडली होती. अक्षर शेठांचे होते.

जुन्या रिवाजाप्रमाणे कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. मुनीमजींनी रेघ ओढली, आकडा लिहिला आणि वही शेठांपुढे सरकवली. “शेठ, सही करा.” शेठांनी सही केली. मुलगा अजून तेथेच उभा होता, खिसे आत सारायचेही त्याच्या ध्यानात आले नव्हते.

याच शेठांनी संवत्सरीच्या दिवशी मोबाइलवरून तीनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ पाठविले होते. समोर उभ्या असलेल्या एकाला काय म्हणावे, हे त्यांना सुचेना. दुकान बंद होईपर्यंत ते वहीच चाळत राहिले. शटर ओढल्यावर मात्र म्हणाले, “मघाशी चूक माझी झाली, बाळा.”

“असू द्या शेठ,” मुलगा म्हणाला.

त्याची नेहमीची बस निघून गेली होती. शेठांनी त्याला स्कूटरवर मागे बसविले. वस्तीच्या तोंडाशी त्याची आई वाट पाहत उभी होती. आज एवढा उशीर का, असे तिने विचारले.

“हिशेब लागत नव्हता,” मुलगा म्हणाला.

शेठांनी स्कूटर बंद केली आणि ते खाली उतरले.