लघुपटाचा जमाखर्च

वाचकहो, आपल्या घरातला किंवा शेजारचा एखादा तरुण रात्रीच्या जेवणाच्या वेळी सहज म्हणतो, "मला एक लघुपट काढायचा आहे. पंधरा मिनिटांचा तर आहे. कितीसा खर्च येणार?" घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहतात. कुणाला ते खूळ वाटते, कुणाला कौतुक वाटते. पण त्या प्रश्नाचे नेमके उत्तर बहुधा कुणापाशीच नसते. आज कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात आहे, त्यामुळे हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावांतून, महाविद्यालयांतून, नोकरी करून उरलेल्या वेळात लघुपट काढणारी मंडळी सर्व प्रांतांत आहेत. त्यांच्या या उद्योगाचा जमाखर्च मांडून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. थोड्या पैशांत चित्रपट निघतो, हे खरे; पण तो फुकट कधीच निघत नाही. जी रक्कम निर्माता देऊ शकत नाही ती दुसरे कोणीतरी भरीत असते. नाण्यांत नव्हे, तर वेळाने, श्रमाने, घरच्या स्वयंपाकाने आणि विश्वासाने. ही दुसरी बाजू ज्याने आधी ओळखली, त्याचा लघुपट पुरा होण्याचा संभव अधिक.

वाटाण्याचे रोप

आपल्या देशात चित्रपटकलेचा आरंभच अशा छोट्या प्रयत्नांनी झाला. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिनी किमतीचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. ती फीत धुण्यासाठी पुन्हा लंडनला पाठवावी लागली होती. आपण काय टिपले हे पाहण्यासाठी समुद्रापलीकडून पेटी परत येण्याची वाट पाहायची! आज चित्र टिपताक्षणी पाहणाऱ्या तरुणांनी त्या धीराची कल्पना अवश्य करावी.

त्यानंतर सुमारे एका तपाने दादासाहेब फाळके यांनी जे केले, ते तर आजच्या प्रत्येक लघुपटकाराने ध्यानात ठेवावे असे आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेथे चित्रपटाचे तंत्र पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदविली आणि परत आले. आता यंत्र होते, विद्या होती. परंतु पौराणिक कथेवर मोठा चित्रपट काढण्यासाठी लागणारे भांडवल नव्हते. नुसत्या शब्दांवर पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या अंकुराची वाढ टिपत राहिले. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटाभरात उलगडली. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट त्यांनी निवडक मंडळींना दाखविला, आणि त्यांपैकी काहींनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्याच्या मुळाशी हे वाटाण्याचे रोप आहे.

या कथेची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी या कामी आपले दागिने पुढे केले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. चित्रीकरणाच्या वेळी कलावंतांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत, आणि रात्री अंधारात कोऱ्या फितीला छिद्रे पाडण्याचे काम करीत. त्या काळच्या हिशेबाच्या वहीत या श्रमांची किंमत कोठे मांडली असेल? आपण "अल्प खर्चाचा चित्रपट" म्हणतो, तेव्हा तो अल्प कशामुळे झाला हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

स्वस्त काय झाले, महाग काय राहिले

फितीच्या काळात खर्चाचा मोठा भाग कच्च्या फितीवर होई. ३५ मिलिमीटर रुंदीची १,००० फूट फीत सुमारे ११ मिनिटांत संपते. पंधरा मिनिटांच्या लघुपटासाठी प्रत्येक दृश्य सरासरी चार वेळा टिपायचे म्हटले, तर सुमारे ५,४०० फूट फीत हवी. शिवाय ती धुणे आणि तिची प्रत काढणे निराळेच. म्हणून कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी दिग्दर्शक दहा वेळा विचार करी, नटांकडून पुनःपुन्हा तालीम करून घेई.

आज हा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे. तेच कार्ड पुसून पुन्हा वापरता येते. परंतु त्याबरोबर ती काटकसरीची शिस्तही गेली. दहादा टिपलेले दृश्य अखेर संकलकाला बसून पाहावे लागते, आणि तो बहुधा फुकट काम करणारा मित्र असतो! पैशाचा खर्च वाचला, पण तो मित्राच्या रात्रींवर जाऊन पडला. यासाठी जुन्या लोकांची तालमीची पद्धत आजही उपयोगी आहे. पटकथा पूर्ण लिहावी, प्रत्येक दृश्याचे कागदावर रेखाटन करावे, जागा आधी जाऊन पाहावी, तेथे ऊन किती वाजता कोणत्या बाजूने येते ते टिपून ठेवावे. या तयारीला वही, पेन्सिल आणि धीर याखेरीज काही लागत नाही.

जे महाग होते ते महागच राहिले आहे. वीस माणसे चार दिवस राबणार असतील, तर त्यांना दोन वेळचे जेवण, चहा-फराळ आणि जाण्यायेण्याचे भाडे हे द्यावेच लागते; यात काटकसर करू जाणारा निर्माता तिसऱ्या दिवशी एकटाच उरतो. पांढऱ्या चादरीच्या जागी आज थर्माकोलचा पत्रा आला आहे. पण तो धरून उन्हात उभे राहणारा माणूस आजही लागतोच.

आणि आवाज! नवख्या लघुपटांची चित्रे देखणी असतात, पण संवाद ऐकू येत नाहीत, हा अनुभव आपणही घेतला असेल. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भोंगा हे चित्रीकरणाच्या वेळी आपल्या कानांना जाणवत नाही. यंत्र मात्र सारे नोंदविते. उसनवार पैशांत एकच वस्तू भाड्याने आणायची झाली, तर ती चांगला मायक्रोफोन असावी. आणि प्रत्येक खोलीतील काम आटोपल्यावर सर्वांनी गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करून घ्यावी. संवादांमधले सांधे जुळविताना ती फार उपयोगी पडते.

चढ आणि उतार

पैसा नसला की वेळ लागतो, आणि वेळ लागला की निसर्ग थांबत नाही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा पूर्ण लांबीचा चित्रपट. परंतु त्याची सुरुवात एखाद्या हौशी लघुपटासारखीच झाली. राय जाहिरात कंपनीत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करीत. १९५२ च्या ऑक्टोबरात काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेल्या शेतात त्यांनी एक दिवस काम केले. पुढल्या रविवारी येऊन पाहतात तो गुरांनी सारे तुरे खाऊन टाकलेले! उरलेले दृश्य पुरे करण्यासाठी त्यांना पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. त्यांनीही विम्याची पॉलिसी आणि पत्नी बिजया यांचे दागिने या कामी गहाण टाकले होते. पुढे पश्चिम बंगाल सरकारने अर्थसाह्य केले तेव्हा कोठे १९५५ मध्ये चित्रपट पूर्ण झाला. विमा आणि दागिने हे दोन शब्द या इतिहासात किती वेळा येतात, ते पाहा.

लहान प्रमाणावर हेच संकट प्रत्येक लघुपटकारावर येते. नायकाने मध्येच केस कापून घेतले, शेजाऱ्याने घराला नवा रंग दिला, बालनटाची परीक्षा जवळ आली, अवेळी पाऊस झाला. आणि पहिल्या दिवशीचे दृश्य दुसऱ्या दिवशीच्या दृश्याशी जुळेनासे झाले. यावर उपाय दोनच. शक्य तितके काम सलग दिवसांत उरकावे. आणि कथाच अशी निवडावी की जिला मोजकी पात्रे, मोजक्या जागा आणि मोजके दिवस पुरतील.

सर्वांत कठीण काळ मात्र चित्रीकरणाचा नसतो. तो त्यानंतरचा असतो. चित्रीकरणात जत्रेचा उत्साह असतो. जत्रा उठली की संकलन, ध्वनिमिश्रण, उपशीर्षके ही एकाकी कामे उरतात. पैसे संपलेले असतात, मित्र आपापल्या नोकरीधंद्याला लागलेले असतात. कित्येक लघुपट येथेच पडून राहतात. म्हणून जवळच्या पैशांचा काही भाग या कामासाठी पहिल्या दिवसापासूनच बाजूला काढून ठेवावा आणि त्याला हात लावू नये. तसेच दिवसाचे काम संपल्यावर चित्रीकरणाच्या दोन प्रती करून त्या दोन निराळ्या घरांत ठेवाव्यात. एक यंत्र बिघडल्याने पुष्कळांची मेहनत नाहीशी होते, आणि ती परत मिळत नाही.

विषय दूर नसतो

थोड्या पैशांत मोठा देखावा उभा करता येत नाही, ही अडचण खरी. पण ती हितकारकही ठरते, कारण ती आपल्याला घराकडे पाहायला लावते. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना केलेला 'गिरणी' हा लघुपट आठवावा. संसाराला हातभार म्हणून आई घरात पिठाची गिरणी आणते, आणि त्या यंत्राने लहान मुलाचे जग ढवळून निघते, एवढीच गोष्ट. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर येथे संज्ञापनाचे शिक्षण घेताना 'पिस्तुल्या' केला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाची ती कथा राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचली. आणि त्यातील बालनट सूरज पवार पुढे 'फँड्री' व 'सैराट' या चित्रपटांतही दिसला. २०२४ मध्ये कान येथील महोत्सवात विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत पहिला क्रमांक मिळविणारा चिदानंद नाईक यांचा कन्नड लघुपट फिल्म इन्स्टिट्यूटच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात, अवघ्या चार दिवसांत चित्रित झाला होता. गावातला कोंबडा चोरणारी म्हातारी, ही त्यातील लोककथा. पिठाची गिरणी, शाळा, कोंबडा! यांतले कोणते आपल्या परिचयाचे नाही?

पूर्ण झाल्यावर

लघुपट तयार झाला; आता तो दाखवायचा कोठे? स्वतंत्र भारतात १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि पुढे अनेक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी त्याचे लघुपट दाखविले जात. तो प्रघात मागे पडला, आणि २०२२ मध्ये ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आज लघुपटांचा खरा आधार महोत्सवांचा आहे. १९९० पासून मुंबईत भरत आलेला आंतरराष्ट्रीय महोत्सव, केरळमधील लघुपट व माहितीपटांचा महोत्सव आणि गोव्याच्या महोत्सवातील भारतीय विभाग ही त्यांतील प्रमुख ठिकाणे. पुष्कळ महोत्सव प्रवेशशुल्क घेतात. म्हणून सर्वत्र अर्ज करण्यापेक्षा आपल्या लघुपटाशी जुळणारे मोजके महोत्सव निवडावेत.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. आवडते जुने चित्रपटगीत पार्श्वभूमीला घालण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क आपल्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि कवी व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतात. परवानगीवाचून गाणे वापरल्यास तयार लघुपट दाखविता न येण्याची पाळी येते. गावातल्या एखाद्या गायकाकडून किंवा वादकाकडून नवे संगीत करून घ्यावे आणि तशी संमती लेखी घ्यावी.

आणि उत्पन्न? येथे स्पष्टच बोलले पाहिजे. बहुतेक लघुपटांचा खर्च पैशाच्या रूपाने परत येत नाही. जे परत येते ते निराळे असते: हाती आलेले कसब, जुळलेली माणसे, आणि पुढचे काम मागताना दाखविता येईल असा पुरावा. फाळक्यांना वाटाण्याच्या रोपाने हेच दिले.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातल्या तरुणाने लघुपटाची गोष्ट काढली, तर त्याला हसू नका आणि डोळे मिटून दागिनेही काढून देऊ नका. फाळके आणि राय यांच्या कथा आपण वाचतो त्या त्यांचे डाव यशस्वी झाले म्हणून. ज्यांचे दागिने सावकाराकडेच राहिले, त्यांच्या कथा कोणी लिहीत नाही. गमावले तरी संसाराला धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम आधी ठरवा. मग त्याच्या हाती एक वही द्या. डाव्या पानावर पैशांचा हिशेब लिहायला सांगा. आणि उजव्या पानावर कोणी अंगण दिले, कोणी भाकरी केल्या, कोणी उन्हात पत्रा धरला, कोणाची झोप मोडली, त्यांची नावे. लघुपट संपताना पडद्यावर ती सारी नावे शुद्ध लिहून दाखवावीत, आणि पहिला प्रयोग त्याच मंडळींसमोर, त्यांच्याच अंगणात करावा. डाव्या पानाची तूट कदाचित कधीच भरून येणार नाही. उजव्या पानाचे देणे मात्र फेडता येण्यासारखे असते. आणि जो ते फेडतो, त्याला दुसरा लघुपट काढताना अंगण पुन्हा मिळते.